वाक्यार्थाकडून प्रयोगार्थाकडे : खानदेशातील बोलण्याचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास :
• वाक्यार्थ आणि प्रयोगार्थ यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• भाषिक कृती, सूचितार्थ, दर्शक शब्द आणि सौजन्य या संकल्पना आपल्या परिसरातील बोलण्याला लावून पाहता येतील.
• एखाद्या संभाषणाची त्याच्या संदर्भासह शिस्तशीर नोंद करता येईल.
• प्रमाण मराठी आणि बोली यांतील सौजन्याच्या रीतींची तुलना पूर्वग्रह बाजूला ठेवून करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, ऑनलाइन संमंत्रण सत्र सुरू होते, तेव्हा संमंत्रकांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "माझा आवाज येतोय का?" कोणी "हो सर" म्हणते, कोणी अंगठ्याचे चिन्ह पाठवते. व्याकरणाच्या दृष्टीने हे साधे प्रश्नार्थक वाक्य आहे. परंतु ज्याला आवाज येत नाही, त्याला हा प्रश्नही ऐकू येत नाही. म्हणजे या प्रश्नाला शब्दशः खरे 'नाही' हे उत्तर सहसा कोणी देऊच शकत नाही. तरीही तो विचारला जातो, कारण त्याचे काम वेगळे असते. सत्र सुरू झाले, आता लक्ष द्या, कोण कोण आले आहे ते कळू द्या, असे सारे त्या चार शब्दांत सामावलेले असते. समोरासमोरच्या वर्गात हे वाक्य लागत नाही. तेथे हे काम चेहरे करतात.

शब्दांचा आणि व्याकरणाचा मिळून जो अर्थ होतो, त्याला आपण वाक्यार्थ म्हणू. विशिष्ट व्यक्तीने, विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट प्रसंगी ते वाक्य उच्चारले असता जो अर्थ प्रत्यक्षात पोहोचतो, त्याला प्रयोगार्थ म्हणू. या प्रयोगार्थाचा अभ्यास करणाऱ्या भाषाविज्ञानाच्या शाखेस प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. मराठीत तिच्यासाठी एकाहून अधिक पर्याय योजता येतील; या घटकात आपण 'प्रयोगार्थविचार' ही संज्ञा वापरणार आहोत.

नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे वाटू शकते की, रोज वर्गात बसणाऱ्यांच्या तुलनेत आपण मागे आहोत. काही विषयांत ही अडचण खरी असते. प्रयोगार्थविचाराची गोष्ट मात्र निराळी आहे. या शाखेची सामग्री ग्रंथालयात तयार मिळत नाही. ती बाजारात, स्वयंपाकघरात, बसस्थानकावर आणि फोनवर असते. धुळ्याच्या दुकानात किंवा रावेरच्या केळीच्या बागेत दिवस घालवणारा विद्यार्थी त्या सामग्रीच्या मधोमध उभा असतो. त्याला हवी असते ती नोंद घेण्याची रीत. ती रीत समजून घेणे हाच या घटकाचा हेतू आहे.

विषय-विवेचन

१. शाखेची पार्श्वभूमी

चार्ल्स मॉरिस यांनी १९३८ साली चिन्हांच्या अभ्यासाचे तीन भाग सांगितले : चिन्हांचे परस्परसंबंध, चिन्हांचा वस्तूंशी संबंध आणि चिन्हांचा ती वापरणाऱ्यांशी संबंध. यांतील तिसरा भाग म्हणजे प्रॅग्मॅटिक्स. पुढे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि 'बोलणे ही कृती आहे' हा विचार रुजला. जॉन सर्ल यांनी १९६९ च्या ग्रंथात त्याची व्यवस्थित मांडणी केली. एच. पी. ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत संभाषणातील सूचितार्थाची उपपत्ती दिली. तिचा महत्त्वाचा भाग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा विचार सर्वस्वी नवा वाटणार नाही. साहित्यशास्त्राच्या अभ्यासात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती शिकलो आहोत. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'सूर्य मावळला' या अर्थाच्या एका लहानशा वाक्याची चर्चा केली आहे. ते वाक्य सेनापतीला, मजुराला, गुराख्याला किंवा प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीला उद्देशून असेल, तर प्रत्येक वेळी त्यातून वेगळी गोष्ट सुचवली जाते. वाक्यार्थ एक, प्रयोगार्थ अनेक. मम्मटाचा विचार प्रामुख्याने काव्यासंबंधी आहे, तर आधुनिक प्रयोगार्थविचार दैनंदिन बोलण्याकडे वळतो. हा फरक ध्यानात ठेवून दोन्हींची सांगड घालता येते.

२. बोलणे ही कृती

बाजार समितीत लिलाव चालू आहे. "एक वार, दोन वार, तीन वार!" असे म्हणताच माल विकला गेला. हे शब्द व्यवहाराचे वर्णन करत नाहीत. ते व्यवहार घडवतात. मात्र हेच शब्द बाजूला उभ्या असलेल्या मुलाने उच्चारले, तर काहीच घडत नाही. कृती सफल होण्यासाठी बोलणाऱ्याला अधिकार हवा, प्रसंग योग्य हवा आणि ठरलेली रीत पाळली गेली पाहिजे. यांना भाषिक कृतीच्या सफलतेच्या अटी म्हणतात.

नामकरण ही अशीच एक कृती आहे. १९९० साली जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वीही कोणी गप्पांत हे नाव घेतले असेल. पण विद्यापीठाचे नाव बदलले ते अधिकृत शब्दांनीच. ज्यांचे नाव दिले गेले, त्या बहिणाबाई (१८८०-१९५१) जळगावजवळच्या आसोदे गावच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची रचना लेवा गणबोलीत आहे. बोलीत आणि केवळ मौखिक रूपात घडलेल्या भाषेचे मोल या नामकरणाच्या कृतीत मान्य झाले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

३. न सांगता सांगितलेले

पुढील काल्पनिक संभाषण पाहा.
प्रवासी : "रावेरची शेवटची गाडी मिळेल का?"
चहावाला : "साडेनऊ वाजून गेले, भाऊ."

उत्तरात 'गाडी गेली' असे शब्द नाहीत. तरी प्रवासी ते समजतो. ग्राइस यांच्या मते, संभाषणात सहभागी होणारे लोक एकमेकांना सहकार्य करत आहेत असे आपण गृहीत धरतो. बोलणारा पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि स्पष्ट बोलत असणार, ही आपली अपेक्षा असते. म्हणून चहावाल्याचे उत्तर अप्रस्तुत वाटताच आपण ते प्रस्तुत ठरेल असा अर्थ शोधतो. हाच सूचितार्थ होय.

मराठीत एखादा लहानसा शब्दही असे काम करतो. "शेजारचा मुलगासुद्धा पास झाला" या वाक्यातील 'सुद्धा' काढून टाका. निकाल तोच राहतो, पण त्या मुलाकडून ही अपेक्षा नव्हती ही सूचना नाहीशी होते. "भाव उतरणार आहे म्हणे" यातील 'म्हणे' हा शब्द बातमीची जबाबदारी बोलणाऱ्याच्या खांद्यावरून उतरवतो. केळीच्या व्यवहारात 'म्हणे' असलेले आणि नसलेले वाक्य यांवर वेगवेगळे निर्णय घेतले जाऊ शकतात.

४. दर्शक शब्द : आपण, आम्ही, इथे, आता

काही शब्दांचा निर्देश कोण, कोठे आणि केव्हा बोलत आहे हे कळल्याशिवाय ठरत नाही. 'मी', 'तू', 'इथे', 'आता', 'उद्या' हे असे दर्शक शब्द आहेत. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा महत्त्वाचा भेद आहे. "आम्ही धुळ्याला जाणार आहोत" यात ऐकणारा वगळला जातो. "आपण धुळ्याला जाऊ" यात तो सामील होतो. 'आपण' हे आदरार्थी द्वितीय पुरुषी सर्वनामही आहे. प्रस्तुत घटकात 'आपणास स्पष्ट करता येईल' असे म्हटले, तेव्हा केवळ विद्यार्थी अभिप्रेत होते. 'आपण संज्ञा वापरणार आहोत' असे म्हटले, तेव्हा लेखकही त्यात होता. वाचकाने हा फरक न अडखळता ओळखला असेल, तर ते प्रयोगार्थाच्या जाणिवेमुळेच.

निरोप घेताना मराठी माणूस "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो. पाऊल बाहेर पडत असताना हे क्रियापद परतीची दिशा दाखवते. 'जाणे' या शब्दाशी जोडलेले अशुभही त्यामुळे टळते.

दूरशिक्षणात दर्शक शब्दांची खरी कसोटी लागते. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानात "आता इथे पाहा" असे ऐकू येते; परंतु बोलणाऱ्याचा 'आता' आणि ऐकणाऱ्याचा 'आता' यांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते. 'इथे' म्हणजे पडद्यावर नेमके कोठे, हे लहान मोबाइलवर दिसेलच असे नाही. "स्वाध्याय उद्यापर्यंत द्या" हे वाक्य तीन दिवसांनी वाचणाऱ्याने काय करावे? म्हणून दुरून संवाद साधताना 'उद्या'ऐवजी तारीख आणि 'इथे'ऐवजी पृष्ठक्रमांक लिहिणे इष्ट असते.

५. दूरस्थ माणसाशी बोलणे : पत्रापासून संदेशापर्यंत

समोर नसलेल्या माणसाशी बोलण्याची ही अडचण मोबाइलबरोबर आलेली नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण बावीस खंडांतून जुने पत्रव्यवहार उजेडात आणले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. अशा जुन्या पत्रांचे मायने पाहिले, तर ते केवळ अलंकार नाहीत हे कळते. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'राजमान्य राजश्री' या शब्दांनी पत्राचा पहिला अर्धा काम होऊन जाई : कोण कोणाला, कोणत्या नात्याने लिहीत आहे हे ठरे. समोरासमोर जे उभे राहण्याच्या, वाकण्याच्या रीतीतून कळते, ते कागदावर मायना सांगत असे.

आजच्या संदेशात मायना बहुधा नसतो. "ठीक आहे." एवढेच उत्तर आले, तर त्यात संमती आहे, नाराजी आहे की घाई आहे? प्रत्यक्ष बोलताना स्वर हे सांगतो. संदेशात स्वर नाही, म्हणून वाचणारा स्वतःच्या मनातला स्वर त्यात घालतो. संमंत्रकाचा असा संदेश वाचून 'सर रागावले' अशी समजूत करून घेण्यापूर्वी, हा राग शब्दांत आहे की आपल्या वाचण्यात, हे तपासावे.

६. सौजन्य : कोणाच्या मापाने मोजायचे?

सर्ल यांच्या मांडणीत अप्रत्यक्ष विनंतीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्रजीत जेवताना मीठ मागायचे असेल, तर ते देण्याच्या क्षमतेविषयी प्रश्न विचारतात आणि ती सभ्य विनंती ठरते. तेच मराठीत शब्दशः आणून पाहा : "तू मीठ देऊ शकतोस का?" घरात हे वाक्य चमत्कारिक किंवा खोचक वाटेल. मराठी माणूस "जरा मीठ दे ना" म्हणतो. क्रियापद आज्ञार्थी आहे, पण 'जरा' मागणी लहान करतो आणि 'ना' आर्जव करतो. 'कृपया' हा शब्द आपल्याकडे मुख्यतः सूचनाफलकांवर आणि अर्जांत आढळतो; स्वयंपाकघरात तो क्वचितच येतो.

पेनेलपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली सौजन्याची व्यापक उपपत्ती मांडली. १९८७ मध्ये ती स्वतंत्र ग्रंथरूपात आली. तिच्यात आप्तभाव व्यक्त करणारे सौजन्य आणि अंतर राखणारे सौजन्य असे दोन प्रकार आहेत. खानदेशातील बोलणे समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत एकच बोली नाही. अहिराणी, लेवा गणबोली, तावडी अशा बोली येथे नांदतात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी समाजाच्या भाषाही आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांबरोबर केला आहे. २०११ च्या जनगणनेतही 'खानदेशी' या स्वतंत्र शीर्षकाखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद आहे. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद येथे सोडवायचा नाही. सौजन्याची रीत पाहायची आहे.

खानदेशातील अनेक घरांत आजोबांना आणि वडिलांना एकवचनी संबोधले जाते. तेथे आदर सर्वनामात नसतो. तो 'आबा', 'नाना', 'आप्पा', 'तात्या' या संबोधनांत असतो. अनोळखी माणसालाही 'भाऊ', 'दादा' म्हणून नात्यात घेतले जाते आणि मित्राच्या बोलण्यात "काय भो" येते. हे आप्तभावाचे सौजन्य आहे. प्रमाण मराठीच्या औपचारिक व्यवहारात आदर मुख्यतः 'तुम्ही', 'आपण' आणि क्रियापदाचे अनेकवचन यांतून व्यक्त होतो. हे अंतर राखणारे सौजन्य आहे.

समजा, साक्रीचा एखादा विद्यार्थी मुलाखतीला गेला आणि बोलण्याच्या ओघात त्याच्या तोंडून "दादा, मला जरा सांग ना" असे निघून गेले. मुलाखत घेणाऱ्याला ते उद्धट वाटू शकते. विद्यार्थ्याने मात्र त्याच्या घरात आदराचा मानला जाणारा शब्द वापरलेला असतो. उलट बाजूही पाहा. शहरात शिकून आलेली मुलगी मावशीने दिलेल्या चहाबद्दल "धन्यवाद" म्हणाली, तर मावशी दुखावून "आम्ही काय परके का?" असे विचारील. दोन्ही ठिकाणी शब्द चुकलेले नाहीत. एका व्यवस्थेतील सौजन्य दुसऱ्या व्यवस्थेच्या मापाने मोजले गेले आहे.

'बोलीला शिष्टाचार नाही' हा समज ऐकून पुष्कळ विद्यार्थी चारचौघांत गप्प बसतात. ऑनलाइन सत्रात ध्वनी बंद ठेवून केवळ ऐकतात. प्रयोगार्थविचार त्यांना सांगतो की, नियम दोन आहेत आणि दोन्ही शिकता येतात. मुलाखतीत, अर्जात किंवा न्यायालयात औपचारिक रीत आवश्यक असते. ती अवश्य आत्मसात करावी. ती शिकताना घरातली रीत टाकून देण्याचे मात्र कारण नाही.

७. नोंदवही कशी ठेवावी?

अर्थ संदर्भावर अवलंबून असेल, तर केवळ वाक्य टिपून भागत नाही. संदर्भ म्हणजे नेमके काय टिपायचे? येथे मम्मट पुन्हा साहाय्यास येतो. व्यंजना ओळखण्यासाठी बोलणारा, ऐकणारा, काकू म्हणजे स्वराचा विशिष्ट चढउतार, जवळ असलेली तिसरी व्यक्ती, प्रस्ताव म्हणजे विषयाचा ओघ, देश आणि काल अशा गोष्टी त्याने विचारात घेतल्या आहेत. आपल्या नोंदवहीत याच गोष्टींचे रकाने आखावेत. एक काल्पनिक नमुना पुढे दिला आहे.

वाक्य : "बसा ना, काय घाई आहे?"
बोलणारा : घराचे यजमान, वय सुमारे साठ.
ऐकणारा : वांग्याच्या भरिताच्या जेवणास आलेला मुलाचा मित्र.
काकू : 'ना' लांबवलेला.
तिसरी व्यक्ती : यजमानांची पत्नी, ती भांडी आवरत आहे.
प्रस्ताव : पाहुणा चपला घालत आहे.
स्थळ व काळ : ओटा, हिवाळ्यातील रात्र, दहा वाजलेले.
परिणाम : पाहुणा हसला, "येतो, आबा" म्हणाला आणि निघाला. कोणी पुन्हा आग्रह केला नाही.

वाक्यार्थाने हे बसण्याचे निमंत्रण आहे. भांडी आवरली जात आहेत, रात्र झाली आहे आणि आग्रह दुसऱ्यांदा झालेला नाही, या तिन्हींवरून प्रयोगार्थ निराळा दिसतो : 'तू आलास याचा आम्हाला आनंद आहे.' ही निरोपाची रीत आहे. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले असते, तर हा निष्कर्ष काढता आला नसता.

नोंद घेताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, कोणाचेही बोलणे त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित करू नये. हेतू सांगून संमती घ्यावी. दुसरे, खरी नावे व ओळख पटेल असा तपशील लिहू नये. तिसरे, बोलीतील वाक्य प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहू नये. जसे ऐकले तसे लिहावे आणि अर्थ स्वतंत्रपणे द्यावा.

सारांश

वाक्यार्थ शब्द व व्याकरणातून मिळतो. प्रयोगार्थ बोलणारा, ऐकणारा, स्वर, स्थळ, काळ आणि प्रसंग यांच्यासह घडतो. बोलणे ही कृती असून तिच्या सफलतेला अटी असतात. सहकार्याच्या अपेक्षेमुळे न उच्चारलेला अर्थही पोहोचतो. दर्शक शब्दांचा निर्देश संदर्भाविना ठरत नाही, हे दूरशिक्षणात विशेष जाणवते. सौजन्याच्या रीती समाजागणिक भिन्न असतात. बोलीतील आप्तभावाचे सौजन्य आणि प्रमाण भाषेतील अंतराचे सौजन्य या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. दूरस्थ विद्यार्थी वर्गापासून दूर असला, तरी बोलणाऱ्या माणसांपासून दूर नसतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भाषिक कृतीच्या सफलतेच्या अटी आपल्या परिसरातील एका विधीच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'आम्ही' व 'आपण' यांच्या प्रयोगातील भेद तीन प्रसंगांतून दाखवा.
३. "घरात कोणी आहे का?" या वाक्याचे किमान चार प्रयोगार्थ लिहून प्रत्येकाचा संदर्भ द्या.

क्षेत्रीय कार्य

आपल्या घरात आणि शेजारच्या दोन घरांत वडीलधाऱ्यांना कोणत्या सर्वनामाने व कोणत्या संबोधनाने हाक मारली जाते, याची आठ दिवस संमतीने नोंद करा. या घटकातील विधानाशी आपली नोंद जुळत नसेल, तर जुळत नाही असेच लिहा आणि त्यामागील कारण शोधा.